चावी भिजली तर तांदूळ नको

दुपारची भांडी आवरून बसला असाल, नाहीतर बांधावर झाडाला रेडिओ अडकवून भांगलत असाल. जिथं असाल तिथं ऐका. आज विषय सांगायच्या आधी मला एक कबुली द्यायची आहे.

दीड वर्षापूर्वी, पावसाळ्याच्या तोंडावर, मी याच रेडिओवर मोबाइलविषयी बोलले होते. चार्जिंग कसं करावं, पासवर्ड कुणाला सांगू नये, असं सगळं. बोलता बोलता सांगून टाकलं की मोबाइल भिजला तर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवा, तांदूळ पाणी ओढून घेतो. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. तपासलं नव्हतं. रेडिओवर सांगितलेलं आपल्याकडं खरं मानतात, आणि आमच्या गटातल्या एका ताईनं ते खरं मानलं. त्याचं काय झालं ते सांगते. तिला विचारूनच सांगतेय, फक्त नाव घेत नाही.

या ताईचा नवरा वडाप चालवतो. सात सीटची जुनी गाडी आहे, सेकंड हँड घेतलेली. सकाळी कॉलेजची पोरं तालुक्याला सोडायची, दिवसभर फेऱ्या मारायच्या, रात्री यायचं. त्या गाडीवरच घर चालतं आणि गटाचा हप्ताही तिच्यातूनच येतो. गेल्या श्रावणात एका रात्री तो उशिरा आला, पावसात भिजलेला. पँट काढून टाकली आणि झोपला. ताईनं ती रात्रीच पावडरीत भिजत घातली, म्हणजे सकाळी लवकर उरकेल. पहाटे धुण्याच्या दगडावर पँट आपटली आणि खट्ट आवाज आला. खिशात गाडीची चावी! नुसती लोखंडी चावी नाही, काळ्या प्लॅस्टिकचा रिमोट असलेली, बटण दाबलं की कुईंक करून दार उघडतं ती.

आता तुम्ही म्हणाल, लगेच नवऱ्याला उठवायचं. पण मागं एकदा त्याच खिशातला मोबाइल तिच्या हातून भिजला होता, तेव्हा आठ दिवस घरात काय काय ऐकून घ्यावं लागलं ते तिच्या डोक्यात होतं. ती घाबरली. तिनं आधी बटण दाबून बघितलं. बारीक लाल दिवा एकदा लागला. जीव भांड्यात पडला. परत दाबलं, परत दाबलं, मग लागेनासा झाला. तेव्हा तिला माझं बोलणं आठवलं, आणि तिनं चावी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. संध्याकाळपर्यंत वाळेल, मग हळूच खुंटीला अडकवू, असा हिशोब.

नवरा उठला आणि शोधाशोध सुरू झाली. गाडी उसवली, गादी झाडली, गोठा पाहिला. पोरं येऊन दाराशी उभी राहिली आणि दुसऱ्या गाडीनं गेली. गाडी घेताना जुन्या मालकानं एकच चावी दिली होती, दुसरी हरवली म्हणाला होता. म्हणजे घरात दुसरी चावीच नाही. त्यानं तालुक्याला जाऊन विचारलं तर नवीन चावीला साडेचार हजार आणि आठ दिवस सांगितले. हे सगळं ती ऐकत होती आणि चावी पाच हातांवर, तांदळात होती. जितका उशीर होत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. बायांनो, हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी गटाची बैठक होती. कधी न चुकणारी ही बाई आली नाही, हप्ताही आला नाही. मी घरी गेले. चहा ठेवायला म्हणून मला आत घेऊन गेली आणि डब्याकडं बोट दाखवून म्हणाली, "ताई, तुमीच सांगितलं हुतं तांदळात ठेवायला. कवा वाळंल?"

मला काय वाटलं ते जाऊ दे. चावी काढली. फटीत तांदळाचा भुगा आणि कोंडा जाऊन चिकट लगदा झाला होता. मग नवऱ्याला बोलावून मीच सांगितलं, काय झालं ते. तो चिडला, पण समोर मी होते म्हणा किंवा चावी सापडल्याचा आनंद जास्त होता म्हणा, फार बोलला नाही. बटण दाबलं, काही नाही. तो म्हणाला, "रिमोट गेला, म्हंजी गाडी बी गेली." मी म्हटलं, दादा, आधी चावी दारात घालून तरी बघा. घातली, फिरवली, दार उघडलं. स्टार्टरला लावली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

दोन दिवसांच्या फेऱ्या बुडाल्या होत्या. खर्च जाऊन दिवसाला सात-आठशे रुपये सुटतात त्यांना. गाडीला काहीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ती चावी घेऊन तालुक्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेले. चांगला शिकलेला मुलगा आहे. त्याच्यासमोर तासभर बसले, त्यानं चावी उघडून एकेक भाग दाखवला. नंतर चावीवाल्याकडंही गेले. जे शिकले ते आता सांगते, आणि या वेळी तपासून सांगते.

रिमोटच्या चावीत तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक, लोखंडी पातं, ते दार उघडतं आणि कुलपात फिरतं. दुसरी वस्तू म्हणजे रिमोट. आत सर्किटची एक छोटी पट्टी, वर रबराची बटणं आणि नाण्यासारखा चपटा सेल. बटण दाबलं की हा लांबून गाडीला सांगतो, उघड किंवा बंद हो. आणि तिसरी वस्तू आपल्याला ठाऊकच नसते. एक बारीकशी चिप. काही चाव्यांत ती पट्टीवरच बसवलेली असते, काहींत प्लॅस्टिकच्या एका खाचेत सुटी ठेवलेली असते, ज्वारीच्या दाण्याहून थोडी मोठी.

ही चिप कशासाठी? रेशन दुकानात नुसतं कार्ड नेऊन भागत नाही, मशिनवर अंगठा लावावा लागतो, तसंच हे आहे. लोखंडी पातं म्हणजे कार्ड, चिप म्हणजे अंगठा. गाडीनं चिपेचा नंबर ओळखला तरच इंजिन चालू राहतं. चोरानं पातं हुबेहूब घडवून आणलं तरी गाडी नेता येत नाही ती यामुळे. आणि मुख्य गोष्ट अशी की या चिपेला सेल लागतच नाही. चावी घालायच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं असतं, चावी जवळ आली की त्यातूनच तिला लागेल तेवढी ताकद मिळते. म्हणून सेल संपला, रिमोट भिजला, बटणं मेली, तरी चिप बहुतेक वेळा धडधाकट असते आणि गाडी सुरू होते. पार जुन्या गाड्यांना चिप नसते, तिथं तर प्रश्नच नाही.

म्हणून चावी भिजली की मनात पहिलं हे धरा की पाण्यात गेला तो रिमोट, गाडी नव्हे. चावी पुसायची, पातं दारात घालायचं आणि कामाला जायचं. एक लक्षात ठेवा, रिमोटनं बंद केलेली गाडी पात्यानं उघडली तर काही गाड्या भोंगा वाजवायला लागतात. घाबरू नका. चावी लावून गाडी चालू केली की बहुतेक गाड्यांचा भोंगा थांबतो.

आपल्याकडं जत्रेला, दिवाळीला पुण्या-मुंबईची पोरं नव्या गाड्या घेऊन येतात. त्यांच्या चावीला पातंच दिसत नाही. चावी खिशात ठेवायची, बटण दाबून गाडी सुरू करायची. विहिरीत पोहायला उडी मारली आणि चावी खिशातच, असं दरवर्षी कुणाचं तरी होतं. त्या चावीच्या पोटातही एक छोटं पातं लपवलेलं असतं. कडेची बारीक खिट्टी सरकवली की बाहेर येतं. दाराच्या मुठीजवळ त्याचं भोक असतं, कधी प्लॅस्टिकच्या टोपणाखाली झाकलेलं. आणि आत बसल्यावर तीच चावी सुरू करायच्या बटणाला टेकवून धरायची आणि मग बटण दाबायचं. बऱ्याच गाड्या तशा सुरू होतात. काही गाड्यांत चावी ठेवायची जागा वेगळी असते, गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात ती दाखवलेली असते. ते पुस्तक गाडीच्या खणात पडलेलं असतं, कुणी उघडत नाही.

गाडी सुरू झाली. आता रिमोट वाचवायचा, आणि इथं घाई करायची ती एकाच गोष्टीची, सेल काढायची. तो मुलगा मला म्हणाला, "ताई, पाण्यानं एवढं बिघडत नाही. पाणी आणि करंट एकत्र आले की बिघडतं." सेल आत असतो तोवर ओल्या पट्टीवर करंट नको तिथून धावत राहतो आणि तांब्याच्या बारीक रेषा खातो. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, हिरवं होतं, बघितलंय ना? तसाच हिरवा गंज, पण सेलच्या करंटमुळं फार भराभर. आमच्या ताईच्या चावीत दोन रेषा पार तुटल्या होत्या. पावडरीचं पाणी, आत सेल, आणि वर तिनं चार वेळा दाबलेलं बटण. म्हणून भिजलेल्या रिमोटचं बटण दाबून बघायचा मोह आवरायचा. आधी उघडायचा.

कसा उघडायचा? चावीच्या कडेला नीट बघा, कुठंतरी नाण्याची कड बसेल एवढी खाच असते. काही चाव्यांना बारीक स्क्रू असतो, तो आधी काढायचा. खाचेत नाणं घालून हळू पिळायचं, टकटक करून दोन फाका होतात. सुरीचं टोक घालून जोर करू नका, हाताला लागेल आणि पट्टीलाही. खाली स्वच्छ पांढरं फडकं अंथरून बसा, नाहीतर ती सुटी चिप कधी उडून पडली ते कळत नाही. आणि चिप केरात गेली तर मात्र गाडी खरंच सुरू होणार नाही. बाजारात चावीचं प्लॅस्टिक बदलून घेतानाही हेच बघायचं. जुन्यातली चिप नव्यात घातली का ते विचारायचं आणि जुनं कवच त्याच्याकडं टाकून यायचं नाही.

उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढा. काय कुठं बसलं होतं, सेलची अधिक खूण वर होती का खाली, हे नंतर आठवत नाही. सेल काढला की बाजूला ठेवा. त्याचं काय करायचं ते पुढं सांगते, त्यात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्ही हसाल. मीही हसले होते. सेल काढल्यावर ती पट्टी परत धुवायची! नुसती पावसाचे चार थेंब पडून भिजली असेल तर गरज नाही. पण पावडरीचं पाणी, चिखल, शेणाचं पाणी, समुद्राचं खारं पाणी किंवा पुराचं पाणी गेलं असेल तर धुवायलाच हवी. कारण पाणी उडून जातं, पण त्यातला साबण, मीठ, माती तिथंच राहते आणि हवेतली ओल धरून गंजवत बसते. आपल्या बोअरच्या पाण्याचा हंडा बघा, आतून पांढरा थर धरतो. तोच थर पट्टीवर धरतो, म्हणून बोअरचं पाणीसुद्धा नको. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी मिळतं ना बाटलीत, ते वापरायचं. दुकानात नीट सांगून घ्या, बॅटरीचं पाणी. त्याच फळीवर बॅटरीचं ॲसिडही असतं, ती बाटली चुकून घरात आणू नका. पाणी वाटीत घ्यायचं, पट्टी बुडवून हळू हलवायची, जुन्या मऊ टूथब्रशनं हलकेच घासायची. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं धुवायचं स्पिरिट असतं, तो त्यानं पुसून देतो, ते आणखी चांगलं. हातावर चोळायचं सॅनिटायझर मात्र लावू नका, त्यातला चिकटपणा मागं राहतो.

मग वाळवणं. झटकायची, सुती कापडानं टिपायची आणि उघडीच ठेवायची, सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला. एक पूर्ण दिवस, पावसाळी हवा असेल तर दोन दिवस. चुलीजवळ नाही, पत्र्यावर नाही, तव्यावर नाही. हसू नका, तवा कोमट करून वाळवणारी बाई मला भेटली आहे. उष्णतेनं प्लॅस्टिक वाकतं, मग दोन फाका परत बसत नाहीत आणि पुढच्या वेळी पाणी आणखी सोपं आत जातं. केस वाळवायचं गरम मशिनही नको.

आणि तांदूळ. तांदळात पुरलेली वस्तू आणि उघड्यावर वाऱ्याला ठेवलेली वस्तू यांत वाऱ्यावरचीच चांगली वाळते, कारण ओल निघून जायला वारा लागतो, आणि डब्यात तो नसतो. वर तांदळाची पूड फटीत जाऊन बसते. ॲपल ही मोबाइलची कंपनी, तिनंसुद्धा 2024 साली आपल्या ग्राहकांना लिहून सांगितलं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करतात. म्हणजे मी जे मागं सांगितलं ते मोबाइलच्या बाबतीतही चूकच होतं. ज्यांनी ज्यांनी माझं ऐकलं त्यांची मी माफी मागते. औषधांच्या डबीत, नव्या चपलांच्या खोक्यात बारीक दाण्यांची पुडी येते, ती ओल थोडी ओढते, पण एक-दोन पुड्यांनी काही मोठं होत नाही. पंखा बरा.

वाळल्यावर नवा सेल घाला. जुना भिजलेला परत घालू नका, पन्नास-शंभर रुपयांसाठी खेळ नको. सेलवर नंबर असतो, तोच सांगून आणायचा. बऱ्याच चाव्यांत सी आर 2032 असतो. यातले पहिले दोन आकडे म्हणजे रुंदी, 20 मिलिमीटर, आणि पुढचे दोन म्हणजे जाडी, 3.2 मिलिमीटर. म्हणून 2032 च्या जागी 2025 घातला तर तो पातळ पडतो आणि हलतो. पत्र्याच्या ज्या पट्ट्या सेलला टेकतात त्यांवर गंज असेल तर शाळेतल्या खोडरबरानं पुसा. मग गाडीजवळ उभं राहून बटण दाबा. लागलं तर लागलं. नाही लागलं तर दुरुस्तीवाल्याकडं जा, कधी एखादा टाका निघालेला असतो. तरीही नाही जमलं तर रिमोटवाचून गाडी चालते, हे विसरू नका. आमच्या ताईच्या नवऱ्यानं रिमोट नवा घेतलाच नाही. पैसे आले की बघू म्हणतो. रोज पात्यानं दार उघडतो, काही अडत नाही.

आता सेलविषयी. बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. हा चपटा सेल लहान पोराला फार आवडतो. चकचकीत, गोळीसारखा. तोंडात घातला, गिळला आणि अन्ननळीत अडकला तर तिथल्या ओलीमुळं त्याचा करंट सुरू होतो आणि नळी आतून भाजत जाते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. संपलेला, भिजलेला, गाडीला नको झालेला सेलही भाजायला पुरेसा असतो. पोर लगेच रडेलच असं नाही. कधी नुसती लाळ गळते, खोकला येतो, खायला मागत नाही, आणि आपल्याला वाटतं दात येतायत.

सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी थांबायचं नाही. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं, एक्स-रे आणि दुर्बिणीची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं पहिलं वाक्य हेच बोला, पोरानं बटणासारखा सेल गिळलाय. तशाच नंबरचा सेल किंवा पाकीट जवळ असेल तर बरोबर न्या. उलटी करायला लावू नका. केळी, तूप, भाकरीचा घास देऊन "खाली उतरेल" म्हणत बसू नका. आपल्याकडं नाणं गिळलं की केळी चारतात, ते इथं चालणार नाही. एकच गोष्ट देता येते ती मध, आणि तोही मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळता येत असेल आणि सेल गिळून बारा तासांच्या आत असेल तरच. दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे, जास्तीत जास्त सहा वेळा, वाटेत गाडीत बसून. मधामुळं भाजणं थोडं मंदावतं, सेल निघत नाही. मध आणायला दुकानात थांबायचं नाही, नसेल तर तसंच निघायचं. नाकात किंवा कानात घातला तरी हीच घाई.

म्हणून चावी उघडायला बसाल तेव्हा पोरं अंगणात पाठवा. काढलेल्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि फिरकीच्या झाकणाच्या डबीत, उंच फळीवर ठेवा. उकिरड्यावर टाकू नका, तिथंही पोरंच खेळतात. तालुक्याला गेलात की मोबाइलच्या दुकानात जुन्या बॅटऱ्या घेतात का विचारा.

दुसऱ्या चावीचं राहिलं. नवी गाडी घेतली की दोन चाव्या मिळतात, बहुतेकदा नंबर कोरलेली छोटी पट्टीही असते. ती पट्टी चावीला लटकवून फिरायचं नाही, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवायची. दुसरी चावी कोरड्या डब्यात ठेवायची आणि तो डबा कुठं आहे हे घरातल्या दोघांना माहीत हवं. दोघांना म्हणजे नवऱ्याला आणि दिराला नाही, तुम्हालाही. आणि सेकंड हँड गाडी घेताना मालक म्हणाला की दुसरी हरवली, तर तिथंच चावीचे पैसे कमी करून घ्या. आमच्या गटातून वाहनासाठी कर्ज देताना आता आम्ही हा प्रश्न विचारतो, चाव्या किती? बायका हसतात, पण उत्तर देतात.

शेवटी त्या ताईचं सांगते. सगळं निस्तरल्यावर, पुढच्या बैठकीत तिनं एक प्रश्न विचारला. म्हणाली, "ताई, खिसा त्याचा, चावी त्याची, पँट त्यानं काढली. मग खिसा तपासायचं काम माझंच कसं?" बैठकीत एकदम गलका झाला. एकीच्या घरी पाकीट धुतलेलं, एकीच्या घरी लायसन, एकीच्या घरी ऊसबिलाची पावती, आणि प्रत्येक वेळी बोलणी बाईनंच खाल्लेली. अध्यक्षताई म्हणाल्या, घरोघरी दाराशी खुंटी ठोका आणि सांगा, खिसे रिकामे करून पँट टाकली तर धुतली जाईल, नाहीतर तशीच पडेल. ठराव म्हणून लिहायचा का यावर थोडा वाद झाला. शेवटी लिहिला नाही, कारण वही तपासायला बँकेचे साहेब येतात.

खुंट्या मात्र ठोकल्या गेल्या, मी चार घरांत स्वतः पाहिल्या. ताईच्या घरची खुंटी नवऱ्यानंच ठोकली. परवा तिला पँटीत पन्नासची नोट सापडली. खिसा रिकामा न करता टाकलेली पँट, म्हणून ती तिनं परत दिली नाही, हप्त्यात जमा केली.

चला, माझा वेळ संपला. चावी, रिमोट, सेल यांविषयी काही विचारायचं असेल तर बैठकीच्या दिवशी विचारा. मला येत नसेल तर त्या दुकानातल्या मुलाला विचारून सांगेन. नमस्कार.